वरचा आवाज सोडा, मधला धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणापासून ख्याल, नाट्यसंगीत, भजन ऐकत आलोय, आता कुणीतरी टॅलिस, बर्ड, पर्सेल ही जुनी इंग्लिश मंडळी ऐकायला दिली, आवाज गोड लागतात पण दोन मिनिटांत मन भरकटतं, सगळे एकदम गातायत, मुखडा नाही, सम नाही, मग हार्मनी आणि काउंटरपॉइंट म्हणतात ते नेमकं ऐकायचं कुठे? आणि सुरुवात कशापासून करू?

मी पुण्यात नऊ वर्षं गाणं शिकलो, मग नोकरीसाठी इंग्लंडला गेलो आणि तिथे एका गावातल्या हौशी क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या मंडळीत, बेस हा सगळ्यात खालचा आवाज गायला लागलो, त्याला आता २२ वर्षं झाली. परत आल्यावर इथेही आठ-दहा जणांना जमवून हेच गातो. त्यामुळे तुमचा कान कुठे अडकतोय ते मला चांगलं माहितीये, माझाही तिथेच अडकला होता.

आपला कान एका गळ्याच्या मागे जायला शिकलेला असतो. तंबोरा खाली, तबला बाजूला, पेटी गायकाच्या मागून सावलीसारखी, आणि आपण त्या एका गळ्याचं बोट धरून चालत राहतो. मग चार आवाज एकदम कानावर आले की कान आपोआप सगळ्यात वरचा बारीक आवाज पकडतो आणि बाकीच्या तिघांना साथीदार समजून सोडून देतो. इथेच सगळं बिघडतं, कारण सोळाव्या शतकातल्या या गाण्यात साथीदार कुणीच नसतो. वरचा आवाज कितीतरी वेळा नुसता एका स्वरावर थांबलेला असतो आणि खरी धावपळ मधे चाललेली असते, ती आपल्याला ऐकूच येत नाही आणि मग वाटतं की काही घडतच नाहीये.

म्हणून माझं सांगणं एवढंच की वरचा आवाज सोडा. टेनर (बेसच्या लगेच वरचा आवाज) किंवा बेस, कुठलाही एक आवाज धरा, त्याला शेवटपर्यंत सोडू नका आणि बाकीचे त्याच्या स्वरांचं काय करतात ते ऐका. आपल्याकडे स्वराला अर्थ षड्ज देतो, आणि षड्ज हलत नाही. इथे स्वराला अर्थ शेजारचे आवाज देतात, आणि ते सारखे हलत असतात. हा एक फरक कानात बसला ना, की बाकीचं हळूहळू येतं.

ही मंडळी स्वतः तसंच गायची. त्या काळी गायकाच्या हातात अख्खं स्वरलेखन नसायचंच, प्रत्येकाला फक्त आपल्या आवाजाची वही, तिला पार्टबुक म्हणतात. म्हणजे टेनरवाल्याला बेस काय गाणार हे कागदावर दिसायचं नाही, ते कानानेच कळायचं. जॉन डाउलंडने १५९७ मध्ये गाण्यांचं पुस्तक छापलं त्यात तर एकाच पानावर वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेत, पुस्तक टेबलावर मधे ठेवायचं, चौघांनी चार बाजूंना बसायचं आणि ज्याला जे सरळ दिसेल ते त्याने गायचं. त्याच वर्षी थॉमस मॉर्लेचं संगीत शिकवणारं पुस्तक आलं, त्याची सुरुवातच अशी आहे की एका घरी रात्रीच्या जेवणानंतर टेबलावर पार्टबुकं आली, पाहुण्याला त्यातलं काही गाता येईना, तो ओशाळला आणि दुसऱ्या दिवशी गुरूकडे शिकायला आला. हे संगीत समोर बसून ऐकायचं कमी आणि आत शिरून गायचं जास्त होतं, ते ऐकतानाही तसंच आत शिरावं लागतं.

सुरुवात टॅलिसच्या 'इफ यी लव्ह मी'ने करा. चार आवाज, जेमतेम दोन मिनिटं. टॅलिस म्हणजे थॉमस टॅलिस, जन्म १५०५ च्या सुमाराचा, १५८५ ला गेला. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ अशा चार राज्यकर्त्यांची चाकरी केली आणि दर वेळी राजाबरोबर धर्माचा रंग बदलला तसं त्याला संगीतही बदलावं लागलं. हे गाणं एडवर्डच्या काळातलं, म्हणजे प्रार्थना लॅटिन सोडून इंग्लिशमध्ये आली होती तेव्हाचं. आर्चबिशप क्रॅनमरने १५४४ मध्येच राजाला लिहिलं होतं की होईल तितकं एका अक्षराला एकच स्वर असावा, शब्द कळले पाहिजेत. आता ऐका टॅलिसने काय केलं. पहिले चार शब्द चौघं एकत्र, एकाच वेळी, भिंतीसारखे सरळ म्हणतात. ही हार्मनी, सगळ्यात साधी. आणि लगेच पुढे 'कीप माय कमांडमेंट्स' आलं की ती भिंत सुटी होते, एक आवाज पुढे होतो, मग दुसरा तेच शब्द तशाच चालीने उचलतो, मग पुढचा. हा काउंटरपॉइंट. एका वाक्याच्या आत दोन्ही आहेत, दुसरी व्याख्या शोधत बसू नका.

पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा टेनर धरा. बहुतेकांचा तो तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला हातातून निसटतो. निसटला की थांबवा, मागे घ्या, परत. लागोपाठ चार दिवस रोज दहा मिनिटं केलंत तर पाचव्या दिवशी तो आपोआप ऐकू येतो.

आता हार्मनी. आपल्याकडचे लोक म्हणतात की हार्मनी आपल्या संगीतात नाही म्हणून ती आपल्याला कळत नाही, मला ते पटत नाही. चांगला जुळलेला तंबोरा शांतपणे ऐकलात की न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो आणि तो ऐकू आला की अंगावर काटा येतो. युरोपात मध्ययुगात कितीतरी काळ पंचम आणि षड्ज हेच विश्रांतीचे स्वर धरले जायचे, गंधार तेवढा भरवशाचा मानत नसत. इंग्लंडमधल्या गायकांना मात्र सा आणि ग एकत्र म्हणायची, सा आणि ध एकत्र म्हणायची गोडी फार आधीपासून होती. जॉन डन्स्टेबल, जो १४५३ मध्ये वारला, त्याचं 'क्वाम पुल्क्रा एस' ऐका, सगळं गंधार-धैवताच्या उबेत न्हालेलं आहे. १४४० च्या सुमारास मार्टिन ल फ्रांक नावाच्या फ्रेंच कवीने लिहून ठेवलंय की आमच्या संगीतकारांनी हा इंग्लिश ढंग उचलला. म्हणजे पुढे जे सगळ्या युरोपाचं गोड हार्मनीचं वळण झालं त्यात या बेटावरच्या गंधाराचा वाटा मोठा आहे.

तुम्ही गोव्यातला मांडो कधी दोन आवाजांत ऐकलाय का? एक बाई चाल म्हणते, दुसरी तिच्या तीन किंवा सहा स्वरांच्या अंतराने बरोबर चालते. ते पोर्तुगीज चर्चच्या शाळांमधून आलं, इंग्लंडशी त्याचा संबंध नाही, पण कानाला गोडवा तोच. ज्याला मांडो आवडतो त्याला डन्स्टेबल आवडणारच, हे मी अनुभवावरून सांगतो. चांगला क्वायर वाद्यांशिवाय गात असेल तर त्यांचा गंधार पेटीचा नसतो, तंबोऱ्याचा असतो, शेवटच्या कॉर्डवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र लागलेल्या स्वरांवर, तो लागला की सगळं दगडी चर्च गुणगुणायला लागतं.

पण नुसता गोडवा दोन मिनिटांत कंटाळा आणतो, तुमचं नेमकं तेच झालंय असं वाटतं. या संगीताचा जीव आहे तो टकरीत. आणि टक्कर कशी होते ते घरी करून बघता येतं. तंबोरा लावा, ॲपवरचाही चालेल, आणि मध्यम लावून धरा. लांब धरा, मग हळूच गंधारावर उतरा. ते उतरणं किती सुखाचं आहे ते तुम्हाला सांगायला नको, मध्यम अधांतरी होता, गंधारावर टेकला. आता कल्पना करा की मध्यम लावला तेव्हा खालचा बेस कोमल निषादावर होता, त्याच्याशी मध्यमाचं सुंदर जमत होतं, पंचमाचंच नातं होतं ते. मग मध्यम जागचा हलला नाही, बेस खालून सरकून षड्जावर आला. मध्यमवाल्याने काहीच केलं नाही, तरी तो अडचणीत सापडला, त्याच्या पायाखालची जमीनच बदलली, आता त्याला गंधारावर उतरण्याशिवाय गत्यंतर नाही. याला सस्पेन्शन म्हणतात. आधी जमवून घ्यायचं, मग टोचू द्यायचं, मग खाली सोडवायचं, सगळा युरोपीय काउंटरपॉइंट या एका गोष्टीवर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

हे सगळ्यात खोल कुठे ऐकू येत असेल तर विल्यम बर्डच्या चार आवाजांच्या मासमध्ये, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीच्या संगीतात, शेवटच्या 'आग्नुस देई' भागात. बर्ड टॅलिसपेक्षा पिढीने लहान, १५७५ मध्ये राणी एलिझाबेथने या दोघांना संगीत छापायचा २१ वर्षांचा परवाना दिला होता आणि त्या वर्षी दोघांनी मिळून ३४ लॅटिन रचना छापल्या. राणीच्या पदरी होता पण स्वतः कॅथलिक राहिला, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक मास करणं हा गुन्हा होता. १५९० च्या दशकात त्याने तीन मास छापले तेव्हा त्यांना मुखपृष्ठच नव्हतं, छापणाऱ्याचं नाव नाही, वर्ष नाही. ते मोठ्या चर्चमध्ये गायचे नव्हतेच, एखाद्या घरात दार लावून चार-सहा माणसांनी हळू आवाजात गायचे होते. 'आग्नुस' आधी दोन आवाजांत सुरू होतं, मग तीन, मग चारही. आणि 'दोना नोबिस पाचेम', म्हणजे आम्हाला शांती दे, हे शब्द आले की एकामागून एक सस्पेन्शन लागतात, एक आवाज टोचून सुटतो तोच दुसरा अडकलेला असतो, असं कितीतरी वेळ चालतं. शांतीचे शब्द आणि स्वरांना मात्र टेकायला जागा नाही. ज्याला दार लावून प्रार्थना करावी लागते त्याने शांती कशी मागावी हे बर्डने चार ओळींत लिहून ठेवलंय. मी हा बेस शंभरेक वेळा तरी गायलो असेन, अजूनही शेवटच्या दोन ओळींत घसा दाटतो.

आता दुसरी टक्कर, खास इंग्लिश म्हणावी अशी. हिला फॉल्स रिलेशन म्हणतात, पण आपल्याला ती देस रागातून पटकन कळते. देसमध्ये चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल निषाद, हे आपल्या अंगवळणी पडलंय. या लोकांचंही असंच होतं, मुक्कामाच्या षड्जाकडे चढणारा आवाज निषाद शुद्ध करायचा आणि उतरणारा आवाज कोमल. फक्त आपल्याकडे एकच माणूस गातोय, तो आधी चढतो मग उतरतो. इथे चौघं आहेत. एक चढतोय त्याच वेळी दुसरा उतरतोय. म्हणजे शुद्ध आणि कोमल निषाद अगदी लागोपाठ वेगवेगळ्या गळ्यांतून येतात, कधीकधी तर एकाच क्षणाला एकावर एक. बाकी युरोपात लोक हे हळूहळू टाळायला लागले, इंग्लिश मंडळींनी मात्र हा कडवट-गोड प्रकार पर्सेलपर्यंत, म्हणजे पुढची शंभर वर्षं जपला.

मी पहिल्यांदा बर्डचं 'आवे वेरुम कॉर्पुस' गायलो, जे १६०५ मध्ये छापलं गेलं, तेव्हाचं सांगतो. पहिल्याच शब्दाला वरच्या आवाजात शुद्ध निषाद येतो, आणि लगेच पुढच्या शब्दाला बेसला कोमल निषाद लिहिलाय. मला वाटलं छपाईची चूक, नुकताच शुद्ध ऐकलाय ना कानाने, तर मीही शुद्धच लावला. क्वायरमास्तरांनी थांबवलं. बाकी सगळ्यांना गप्प केलं आणि सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरचा आवाज, गाणाऱ्या एका आजीबाईंना आणि मला, दोघांनाच, ते दोनच स्वर एकामागून एक म्हणायला लावले. त्यांचा शुद्ध, माझा कोमल. परत. परत. तिसऱ्या वेळी मला कळलं की त्यांचा स्वर वर उघडतोय आणि माझा त्याच्या खालून आधार काढून घेतोय, आणि त्या दोन स्वरांच्या मधे जी पोकळी पडते तिथेच 'वेरुम', म्हणजे खराखुरा, हा शब्द ठेवलाय. मग चौघांनी मिळून म्हटलं तेव्हा ती जागा ऐकून मला मारव्यातला कोमल ऋषभ पहिल्यांदा नीट लागला होता तो दिवस आठवला. आजही नवीन माणूस आमच्यात आला की पहिल्या दिवशी मी त्याच्याकडून तेच दोन स्वर म्हणून घेतो.

सम कुठे आहे, असं विचारलंत. नाहीये. लय आहे, ठाम आहे, हाताने खाली-वर ठोका धरून मोजायचे, पण आवर्तन नाही आणि त्या पार्टबुकांत हल्लीसारख्या मात्रांच्या उभ्या रेघाही नाहीत. प्रत्येक आवाजाचा जोर त्याच्या शब्दाप्रमाणे येतो, तुमचा जोर आत्ता, माझा अर्ध्या मात्रेनंतर. म्हणून समेची वाट बघू नका, त्याऐवजी श्वास ऐका. कुठला आवाज वाक्य संपवून श्वास घेतोय आणि त्या फटीत कोण शिरतंय. एकदा ते ऐकू यायला लागलं की हे संगीत अचानक माणसांचं बोलणं वाटायला लागतं.

टॅलिसचं चाळीस आवाजांचं 'स्पेम इन एलियम' सगळे पहिल्यांदा ऐकतात, मी म्हणेन ते थोडं नंतर ऐका. साधारण १५७० च्या सुमाराचं, पाच-पाच आवाजांचे आठ क्वायर, चाळीसही जणांना वेगळी ओळ. एका आवाजाने सुरू होतं, मग पहिल्या क्वायरमधून दुसऱ्यात, तिसऱ्यात असं सरकत आठव्यापर्यंत जातं, मग पहिल्यांदा सगळे एकत्र येतात, मग उलटं परत फिरतं. इथे एक आवाज धरायचा प्रयत्न करू नका, इथे जागा ऐका, आवाज डावीकडून उजवीकडे चालत जातोय तो ऐका, हेडफोन नको, घरातले चांगले स्पीकर लावा. आणि शेवटाच्या आधी चाळीसही जण एकदम गप्प होतात, मग सगळे एकदम 'रेस्पिचे' म्हणतात, म्हणजे बघ, आमच्याकडे बघ. ती शांतता चुकवू नका. जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलाकर्तीने २००१ मध्ये याच गाण्याची मांडणी केली, चाळीस स्पीकर, प्रत्येकातून एकच गायक, माणसाने मधून फिरायचं. परदेशात कुठे लागलेली दिसली तर वाट वाकडी करून जा, एका स्पीकरला कान लावून मग चार पावलं मागे सरकलं की काउंटरपॉइंट म्हणजे काय ते अंगाला कळतं.

टॅव्हर्नर, गिबन्स, वीलक्स या इंग्लिश संगीतकारांकडे तुम्ही आपोआप जाल, त्यांच्यावर आत्ता लिहीत नाही. पर्सेलबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्या कानाला तो सगळ्यात जवळचा आहे असं मला वाटतं. हेन्री पर्सेल, १६५९ ते १६९५, उणंपुरं छत्तीस वर्षांचं आयुष्य. विशीत त्याने व्हायोल नावाच्या, गजाने वाजवायच्या वाद्यांसाठी फँटेशिया, म्हणजे शब्दांशिवायच्या मुक्त रचना, लिहिल्या, तेव्हा ती पद्धत जुनाट झाली होती तरी लिहिल्या. त्यातली एक पाच वाद्यांची आहे, एका स्वरावरची फँटेशिया, तिच्यात मधला एक वादक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वर धरून बसतो. आपल्याला वाटेल अरे हा तर तंबोरा. पण नाही. तंबोऱ्याचा सा कायम सा असतो. इथे बाकीचे चौघं असे फिरतात की तोच स्वर कधी सा होतो, कधी कुणाचा पंचम, कधी कुणाचा कोमल गंधार, मधेच टोचायला लागतो आणि न हलता परत सुटतो. आपल्या श्रोत्याला हार्मनी समजावायची असेल तर याहून चांगली रचना मला माहीत नाही.

आणि शेवटी 'डायडो अँड ईनियस' ऑपेरातलं डायडो राणीचं विलापगीत. हा ऑपेरा १६८० च्या दशकाच्या शेवटी चेल्सीतल्या एका मुलींच्या शाळेत झाल्याची नोंद आहे. खाली बेस सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प असा एकेक पायरी उतरतो, मग परत सा वर येऊन टेकतो, आणि हे पाच मात्रागटांचं आवर्तन, हो, इथे आवर्तन आहे, तुम्हाला हवं होतं ते, अकरा वेळा येतं. पण डायडोची ओळ त्या आवर्तनाबरोबर संपत नाही. बेस संपला की तिचं वाक्य अजून चालू असतं, तिचं संपतं तेव्हा बेस पुन्हा निघालेला असतो. मग 'रिमेंबर मी' हे शब्द ती पंचमावरच पुन्हापुन्हा म्हणते, एकाच स्वरावर, आणि खाली बेस आपला उतरतोच आहे. ती हलत नाही, जमीन जातेय.

तर सुरुवात कशापासून, याचं उत्तर. या आठवड्यात फक्त 'इफ यी लव्ह मी', टेनर धरून. पुढच्या आठवड्यात 'आवे वेरुम', बेस धरून, आणि ते पहिले दोन निषाद. या दोन्हींचं स्वरलेखन सीपीडीएल या समूहगानाच्या स्वरलेखनांच्या साइटवर फुकट मिळतं, वाचता येत नसलं तरी उघडा, तुमच्या आवाजाची रेघ वर-खाली जाताना नुसती डोळ्यांनी बघितली तरी कानाला मदत होते. टॅलिस स्कॉलर्स किंवा द सिक्स्टीन या इंग्लिश क्वायरच्या रेकॉर्डिंग्ज ऐका, दोघांचेही आवाज इतके स्वच्छ आहेत की मधली ओळ दिसते. मग डायडो लावा, पण तिच्याकडे लक्षच देऊ नका, तो उतरणारा बेस तिच्या बरोबरीने स्वतः गा, अकराही वेळा, सरगम म्हणत. एवढं झालं की परत लिहा, मग बर्डचं 'आग्नुस' ओळीओळीने सोबत ऐकू.